कावेरीतला पुणेरी मासा

२००७ साली बंगळुरूला पोस्टिंग होतं. मी कॅप्टन, लग्न व्हायचं होतं, त्यामुळे रविवार रिकामा. शंभरेक किलोमीटरवर कावेरीकाठी गलिबोरला महसीर माशाच्या गळाचा कॅम्प होता. मासा धरायचा, वजनाची नोंद करायची आणि परत नदीत सोडायचा, हा तिथला नियम. सोबत गाईड मिळे. माझ्या वाट्याला आलेले अण्णा पन्नाशीचे, सगळं आयुष्य त्याच पाण्यावर गेलेलं.

दिवस मावळताना टोपलीसारख्या गोल नावेतून त्यांनी मला नदीतल्या एका खडकावर नेलं. उकडलेल्या नाचणीच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा गळाला लावला आणि खळाळाच्या कडेला नेमका टाकला. अंधार पडला तरी बॅटरी लावू दिली नाही. तंगूस दोन बोटांत धरून बसायचं आणि गप्प राहायचं. अॅम्बुशला बसण्याची सवय असलेल्या माणसाला हे काही नवं नव्हतं, फक्त इथे डासांना हाणायलाही बंदी!

दोनेक तासांनी रीळ करकरत सुटलं. वीस मिनिटं झटापट झाली. मासा काठाशी आला, आठ किलोचा निघाला आणि मी हरखलो. अण्णांनी मात्र बॅटरीच्या उजेडात त्याचे निळसर पर पाहिले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "ये अपना नहीं, सार. नया है."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरीच. मासा तो मासा.

कावेरी खोऱ्याची कीर्ती जुनी. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या एच. एस. थॉमस यांनी १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' लिहिलं, त्यानंतर साहेब लोकांना महसीरचं वेडच लागलं. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी काबिनीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा काढला. हे राक्षसी धूड कुबडाच्या, नारिंगी परांच्या महसीरचं. अण्णांचा 'अपना' तो हाच.

मग 'नया' कुठला? तो चक्क आमच्याकडचा! बॉम्बे आर्मीतले विल्यम हेन्री साईक्स दख्खनच्या पाहणीवर होते. त्यांनी मुळा-मुठेतल्या या माशाचं वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केलं आणि शास्त्रीय नावात मराठी 'खुदरी' तसंच ठेवलं. (त्याच मुठेच्या खडकवासल्याकाठी एनडीएची तीन वर्षं काढून मला हे ठाऊक नव्हतं. आम्हाला नदी दिसायची ती पनिशमेंटच्या वेळी.) महसीर कमी होतोय म्हणून १९७० च्या दशकात टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात खुदरीची पैदास सुरू झाली आणि तिथली पिल्लं कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण महसीर सगळे एकच, या समजुतीवर ते काम झालं. माझीही समजूत तीच होती.

पुढे अभयारण्यात गळ टाकणं बंद झालं. गाईडांचं काम गेलं. मात्र १९९८ ते २०१२ च्या गलिबोरच्या नोंदवह्या अभ्यासकांच्या हाती लागल्या. २०१५ मध्ये त्यांचा निबंध आला. खुदरी वाढत गेला आणि कुबडाचा मासा जवळजवळ दिसेनासा झाला, हे त्या आकड्यांतून उघड झालं. कुबडाच्या माशाला तोवर नक्की शास्त्रीय नावही नव्हतं. केरळातल्या पांबार नदीतून २००७ मध्येच वर्णन झालेला 'टॉर रेमादेवी' तो हाच, हे २०१८ मध्ये ठरलं. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

निबंध वाचताना मी सालं पुन्हा तपासली. २००७ त्यात येतं. म्हणजे माझे आठ किलोही त्या बेरजेत असणार, खुदरीच्या बाजूला. अण्णांनी त्या रात्री तो मासा पाण्यात धरून ठेवला, दम येईपर्यंत कल्ल्यांवरून पाणी जाऊ दिलं आणि मगच सोडला. 'अपना' नव्हता, तरीही.