राज्यसंघ आणि त्यातला माणूस

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात राज्यसंघाला जेमतेम दीड पान मिळते. स्वतंत्र राज्ये करार करून एकत्र येतात, सार्वभौमत्व आपल्यापाशीच ठेवतात, त्यामुळे मध्यवर्ती सत्ता दुबळी राहते. उदाहरण अमेरिकेचे. मीही बरीच वर्षे एवढेच शिकवीत आलो. मागे एकदा शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, गुलाम कोणत्या राज्याचे नागरिक होते?" वर्ग हसला. मला हसता आले नाही. घरी येऊन तो करार मी पहिल्यापासून वाचायला घेतला.

तेरा राज्यांचा हा करार १७७७ मध्ये मंजूर झाला आणि १ मार्च १७८१ रोजी अमलात आला. लहानमोठ्या प्रत्येक राज्याला एकच मत. महत्त्वाच्या निर्णयाला नऊ राज्ये हवीत, करारात दुरुस्ती करायची तर तेराही हवीत. काँग्रेसला कर बसवता येत नव्हता. आयात मालावर पाच टक्के जकात घेण्याची १७८१ ची सूचना ऱ्होड आयलंडच्या नकाराने कोसळली. सैनिकांचे पगार थकले. इतिहासकार या रिकाम्या तिजोरीसाठी पानेच्या पाने हळहळतात. पण तिजोरी रिकामी राहण्याचे कारण आणि त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर एकच आहे. या करारात एकक राज्य होते, माणूस नव्हता. काँग्रेस राज्याला विनंती करू शके. राज्याच्या आतल्या माणसापर्यंत, मग तो कर देणारा असो की चाबूक खाणारा, तिचा हात पोचतच नव्हता.

करारात माणूस एकदा डोकावतो, चौथ्या कलमात. एका राज्याच्या 'मुक्त रहिवाशां'ना दुसऱ्या राज्यात नागरिकांचे हक्क मिळतील; भिकारी, भटके आणि फरारी गुन्हेगार सोडून. जून १७७८ मध्ये साउथ कॅरोलायनाने सुचवले की 'मुक्त'च्या जोडीला 'गोरे' हा शब्द घाला. बाजूने दोन राज्ये, विरुद्ध आठ, एकाचे मत दुभंगलेले. शब्द गेला नाही. ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकांत का नसावी? पण जो मुक्तच नव्हता त्याला या विजयाचा काय उपयोग? त्याची आठवण झाली ती हिशेबाच्या वेळी. १७८३ मध्ये खर्चाची वाटणी ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असे गणित मांडले गेले. सर्वांची संमती न मिळाल्याने ते तेव्हा बारगळले, आणि १७८७ च्या नव्या संविधानात प्रतिनिधींची संख्या ठरवायला परत आले. मोजताना तीन पंचमांश माणूस, विकताना पूर्ण वस्तू!

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. याच दुबळ्या काँग्रेसने जुलै १७८७ मध्ये ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशात गुलामगिरीला बंदी केली. फरारी गुलाम परत करण्याची तरतूद तिथेही ठेवलीच; तरी बंदी केली. तिला हे जमले, कारण तो मुलूख कोणत्याच राज्याचा उरला नव्हता. तिथे तिच्यात आणि माणसात कोणी उभे नव्हते.

पुढे १८६१ मध्ये दक्षिणेतल्या राज्यांनी फुटून आपला राज्यसंघ काढला. संविधानाच्या आरंभीच प्रत्येक राज्य सार्वभौम असल्याची ग्वाही. आणि पुढे कलम, की निग्रो गुलामांवरील मालकीला बाध आणणारा कायदा काँग्रेसला करता येणार नाही. सुमारे नव्वद लाख लोकवस्ती, त्यात पस्तीस लाखांवर गुलाम. हे सारे 'राज्यांच्या हक्कां'साठी होते असे सांगणारे आजही भेटतात. त्यांनी साउथ कॅरोलायनाचे डिसेंबर १८६० चे फुटीचे निवेदन पाहावे. तक्रार काय, तर उत्तरेतली राज्ये आपापले कायदे करून फरारी गुलाम धरून द्यायला अडथळा आणतात. म्हणजे हक्क मालकाच्या राज्याचे तेवढे खरे!

आणि मजबूत केंद्र म्हणजेच मुक्ती असे मानणाऱ्या आपल्यातल्या मित्रांनी १८५० चा फरारी गुलामांचा कायदा वाचावा. तो केंद्राचाच होता. केंद्राचा हात माणसापर्यंत पोचला, पण बेडी घेऊन.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती त्यांनी गुलामांना मुक्त केले म्हणून. बाबासाहेबांनीही या इतिहासाकडे नीट पाहिले होते. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात ते म्हणाले की, फुटण्याचा हक्क राज्यांना नाही हे ठरवायला अमेरिकेला यादवी लढावी लागली. आपण ते आधीच स्पष्ट करून ठेवू. त्याच भाषणात, संविधानाने खेडे टाकून व्यक्ती हे एकक धरले याचा आनंदही त्यांनी व्यक्त केला. आमचे प्राध्यापक पहिला मुद्दा राज्यशास्त्रात शिकवतात, दुसरा समाजशास्त्रात. मला ती एकच गोष्ट वाटते.

माझे वडील सालगडी होते. वेठबिगारी बंद करणारा कायदा दिल्लीत १९७६ सालीच झाला होता. त्यानंतर कितीतरी वर्षे मालकाच्या वहीत वडिलांच्या नावापुढे उचल चढत राहिली, आणि तो कायदा वेशीच्या आत कोणी आणला नाही. हल्ली मी वर्गात राज्यसंघ शिकवताना १७७८ चे ते मतदान आधी सांगतो. तिजोरी आणि जकात नंतर, वेळ उरला तर.