शेरेबुकातली शाबासकी

सीमाभागातील जुन्या माणसांच्या तोंडी एक शब्द अजून ऐकू येतो – ‘दिपोटी’. ‘डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर’ या लांबलचक इंग्रजी हुद्द्यातला पहिला शब्द खेड्याने उचलला आणि जिभेला सोसेल असा घासून घेतला. कलेक्टर खेड्याला क्वचितच दिसे, मामलेदार वसुलीपुरता भेटे. पण दिपोटी यायचे म्हटले की सगळा गाव हले. शाळा सारवली जाई, भिंतींना चुना लागे, फळ्याला काजळी लागे, पोरांना टोप्या धुवायला सांगितले जाई आणि मास्तरांचे जेवण कमी होई.

या भीतीवर आपल्याकडे विनोद पुष्कळ झाले आहेत. इतिहास मात्र फारसा लिहिला गेला नाही. शाळाखात्याचा इतिहास म्हटला की आपण खलिते, कायदे आणि आयोग यांची यादी करतो. पण खलिता गावापर्यंत पोचत होता तो या फिरत्या माणसाच्या पायांनी. त्याचा आठवडा कसा जात होता, तो काय पाहत होता, काय लिहून ठेवत होता आणि कोणाची पाठ थोपटत होता, यावर शाळेचे बरेवाईट ठरत असे. मी स्वतः सीमाभागातील मराठी शाळांत उभी नोकरी केलेला शिक्षक. टेबलाच्या अलीकडच्या बाजूने अनेक तपासण्या पाहिल्या. त्यामुळे या विषयाकडे माझे लक्ष लागले हे उघडच आहे.

मुंबई इलाख्यात शाळा तपासण्याची व्यवस्था शाळाखात्याहूनही जुनी आहे. १८४० साली ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ स्थापन झाले आणि त्याच्या काळात गावोगावच्या सरकारी शाळांवर देखरेख करण्याचे काम काही एतद्देशीय विद्वानांकडे आले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी शाळातपासनीसाचे काम केले. मराठी भाषेचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याकडेही शाळांच्या सुपरिंटेंडेंटचे काम होते. म्हणजे आपल्या भाषेचे पहिले पत्रकार आणि पहिले मोठे वैयाकरण, दोघेही शाळा तपासत फिरलेले आहेत. शाळा कशी चालली आहे हे पाहायचे तर भाषा जाणणारा माणूस हवा, एवढी जाण त्या काळच्या व्यवस्थेला होती असे म्हणता येईल.

पुढे १८५४ चा वुडचा खलिता आला आणि १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षणखाते उभे राहिले. वर डायरेक्टर, त्याखाली विभागवार एज्युकेशनल इन्स्पेक्टर, त्याखाली जिल्ह्याचे डेप्युटी आणि त्यांच्या हाताखाली असिस्टंट डेप्युटी अशी उतरंड बसली. आमचे बेळगाव आणि शेजारचे धारवाड दक्षिण विभागात गेले. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत हे साध्या शाळामास्तराचे असिस्टंट डेप्युटी झाले आणि १८६६ साली त्यांची बदली रत्नागिरीहून पुण्यास झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. गुणी मास्तराला वरची पायरी मिळू शकते, ही गोष्ट त्या काळच्या कितीतरी मास्तरांना धीर देणारी असणार.

या अधिकाऱ्याचा आठवडा म्हणजे मुख्यतः फिरती. पावसाळा सरला, वाटा सुकल्या की बैलगाडी किंवा तट्टू काढायचे आणि गावामागून गाव घ्यायचे. शाळेत गेल्यावर कामाचा क्रम बहुधा ठरलेला. आधी हजेरीपट आणि समोर बसलेली मुले यांचा मेळ घालायचा. मग जनरल रजिस्टर, पगारबिल आणि डेड स्टॉक, म्हणजे खुर्ची, घड्याळ, नकाशा, घंटा जागच्या जागी आहेत की नाहीत. त्यानंतर वाचन, शुद्धलेखन, पाढे, तोंडी हिशेब, कविता. शेवटी शेरेबुक मागवून त्यात चार ओळी लिहायच्या, सही करायची आणि पुढच्या गावाची वाट धरायची. मुक्कामी कंदिलाच्या उजेडात फिरतीची डायरी लिहायची, ती वर पाठवायची. एका माणसाकडे गावे किती आणि वर्षाचे कोरडे महिने किती, याचा हिशेब केला की एका शाळेच्या वाट्याला काही तासच येत हे लक्षात येते.

इतक्या थोड्या वेळात सोपे काय असते? चूक शोधणे. चूक आकड्यात दिसते. हजेरी कमी, स्टॉकमधली खडू-पेटी कमी, पास झालेली मुले कमी. चांगले काय चालले आहे ते मात्र आकड्यात चटकन दिसत नाही; त्यासाठी थांबावे लागते. एकोणिसाव्या शतकात या आकड्यांना पैशाचीही जोड मिळाली. इंग्लंडात १८६२ साली ‘निकालावर पैसे’ ही पद्धत सुरू झाली आणि तिचे वारे आपल्या इलाख्यातही आले. अनुदान घेणाऱ्या शाळेने परीक्षेला किती मुले बसवली, किती पास झाली, यावर सरकारी मदत मोजली जाऊ लागली. तपासणी म्हणजे शाळेच्या पोटाचा प्रश्न झाला. मास्तर हुशार मुलांवर मेहनत घेऊ लागले, आणि जो मुलगा पास होण्याची शाश्वती नाही तो मागच्या ओळीत तसाच राहिला. १९०४ च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावाने ही पद्धत सोडण्याचे धोरण घेतले. पण तिने लावलेली सवय ठरावाने जाणारी नव्हती.

या पद्धतीचे मर्म ज्याने अचूक ओळखले तो माणूस खात्यातला नव्हता. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात शाळा-तपासणीवर स्वतंत्र मजकूर आहे. डेप्युटीने वर्षातून एकदा यावे याचा फारसा उपयोग नाही, निदान दर तिमाहीस तपासणी व्हावी, आणि आगाऊ वर्दी न देताही शाळेत जावे, असे त्यांचे म्हणणे होते. वर्दी दिली की चुना लागतो, हे त्यांना आपल्याइतकेच ठाऊक होते. शिक्षकांना दरमहा किमान बारा रुपये तरी असावेत, असे त्यांनी मांडले. निकालावर पैसे देण्याची पद्धत गरीब आणि अज्ञानात ठेवलेल्या लोकांत विद्येचा प्रसार करण्यास उपयोगाची नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. पण म्हणून त्यांनी बक्षिसे नाकारली नाहीत. जिथे शिक्षणाची गोडी लागलेली नाही तिथे शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावीत, आणि शेतकरीवर्गाची मुले पुढे आणणाऱ्या मास्तराला जादा भत्ता द्यावा, अशी त्यांची सूचना होती. आधीच पुढे असलेल्याचा सत्कार आणि मागच्याला पुढे आणणाऱ्याचा सत्कार, यांतला फरक इतक्या स्वच्छपणे मांडलेला मला दुसरीकडे आढळला नाही.

जोतीरावांना सत्काराचे मोल अनुभवाने कळले होते. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्यात विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांना शालजोडी देण्यात आली. मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या म्हणून ज्यांच्यावर गाव उलटला होता, त्यांचा त्याच गावात जाहीर गौरव झाला. शालजोडीची किंमत काहीही असो, तिने चार लोकांची तोंडे बंद केली असतील आणि चार पालकांना धीर दिला असेल. शाळेतील सत्कार हा केवळ समारंभ नसतो. गावाला दिलेली ती साक्ष असते.

आता आमच्या भागाकडे येतो. धारवाड-बेळगावच्या शिक्षणाच्या इतिहासात एक नाव असे आहे की त्याला हुद्दाच कायमचा चिकटला – डेप्युटी चन्नबसप्पा. कन्नड वाचक त्यांना आजही याच नावाने ओळखतात. शेक्सपियरचे नाटक कन्नडमध्ये आणणारे हे गृहस्थ शाळाखात्यात होते. त्या काळी या जिल्ह्यांतील शाळांत आणि कचेऱ्यांत मराठीचे प्रस्थ होते. घरी कन्नड बोलणारी मुले शाळेत मराठी अक्षरे गिरवीत. या मुलांना त्यांच्या भाषेत शिकवले पाहिजे, यासाठी चन्नबसप्पांनी आपली खुर्ची राबवली. आपल्या लोकांना हे नाव घेताना थोडे अवघडल्यासारखे होते, हे मी जाणतो. पण शांतपणे विचार केला तर त्यांचे म्हणणे खोडता येत नाही. ज्या मुलाची भाषा शाळेला कळत नाही, त्याची हुशारी शाळेला दिसत नाही. तो मुका वाटतो, मठ्ठ ठरतो. चन्नबसप्पांनी कन्नड मुलांसाठी जे मागितले तेच आज सीमाभागातील मराठी मूल मागते आहे. न्याय एकच आहे. काळाने माणसे तेवढी जागा बदलून उभी केली.

संस्थानांतही हा विचार वेगळ्या वाटेने पुढे गेला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध राज्याला लागू केला. आमच्या शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला; मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. सक्ती आली की तपासनीसाचे काम पालटते. शाळेत कोण आले आहे याबरोबरच कोण आलेले नाही, हेही पाहणे त्याच्या वाट्याला येते.

एक नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा अलीकडे राहिला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले, आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे घटनेत लिहिले गेले. कागदावर मराठी शाळेला आधार मिळाला. व्यवहारात मात्र एक साधी गोष्ट सुटली. मूल, मास्तर, पुस्तक मराठी. अहवाल, परिपत्रक आणि बऱ्याचदा तपासायला येणारा अधिकारी दुसऱ्या भाषेचा. हजेरी मोजायला भाषा लागत नाही. स्टॉक मोजायलाही लागत नाही. पण चौथीतल्या पोरीने ओढ्यावर लिहिलेला निबंध चांगला आहे की पाठ केलेला, हे कळायला भाषा लागते. म्हणून दोष नोंदत राहिले आणि शाबासकी आटत गेली. यात प्रत्येक वेळी कोणाचा आकस होता असे मी म्हणणार नाही. न कळणाऱ्या गोष्टीची स्तुती करता येत नाही, इतकेच.

याला अपवादही पाहिले. माझ्या नोकरीच्या काळात एक अधिकारी येत. घरची भाषा कन्नड. मराठी वाचायचे ते हळूहळू, बोट ठेवून. तपासणी झाली की ते म्हणत, “गुरुजी, आता मुलांना काय येतं ते दाखवा. काय येत नाही ते मी पाहिलं.” मुले कविता म्हणत, कोणी गोष्ट सांगे, कोणी ढोल वाजवी. न कळलेला शब्द ते मुलांनाच विचारत, आणि साहेबांना शब्द शिकवताना ती पोरे चार बोटे उंच होत. आमच्या एका बाईंनी ऊसतोडीच्या कुटुंबांतली मुले खोपटांवर जाऊन शाळेत आणली होती. साहेबांनी ते शेरेबुकात नावानिशी लिहिले आणि पुढच्या सभेत सर्व शिक्षकांसमोर वाचून दाखवले. बाईंना पदक मिळाले नाही, वेतनवाढ मिळाली नाही. पण त्या ओळी त्यांनी आपल्या वहीत उतरवून घेतल्या होत्या, हे मला त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी कळले.

देशात १९५८ पासून शिक्षकांना राष्ट्रीय पुरस्कार दिले जातात. १९६२ पासून पाच सप्टेंबर हा शिक्षकदिन झाला. ते योग्यच आहे. पण पुरस्कार वर्षातून एकदा आणि थोड्यांना मिळतो. शाळा चालते ती आठवड्याच्या आठवड्याला. तिला लागणारी दाद त्याच चालीची हवी – सोमवारी पाहिले, शनिवारी सांगितले अशी. हे काम अधिकाऱ्याने करावेच. पण त्याच्यावरच सोडावे असेही नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाव पुकारून दिलेली दोन वह्यांची बक्षिसे किंवा व्हरांड्यातल्या लाकडी फळ्यावर रंगवलेली स्कॉलरशिपवाल्या मुलांची नावे, ही आपल्या गावांनी स्वतःच उभी केलेली मानाची व्यवस्था होती.

आज पट घटल्याने अनेक लहान शाळांपुढे बंद होण्याचा किंवा दुसरीकडे विलीन होण्याचा प्रश्न आहे. शाळा हलली की कपाट हलते, आणि कपाटातली जुनी शेरेबुके रद्दीत जातात. जनरल रजिस्टर दाखल्यासाठी लागते म्हणून जपले जाते. शेरेबुक कोणाला लागत नाही. वास्तविक आपल्या मराठी शाळांचा लिखित पुरावा तिथेच आहे – अमक्या साली इथे इतकी मुले होती, ती असे वाचत होती, अमका मास्तर असा शिकवत होता. दोषांचे शेरे वरच्या कचेऱ्यांत केव्हातरी आकडे होऊन पोचले असतील. शाबासकीचे शेरे फक्त त्या एका वहीत आहेत.

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपल्या गावच्या शाळेत जावे, मुख्याध्यापकांच्या परवानगीने जुने शेरेबुक पाहावे आणि त्यातल्या चांगल्या ओळी तारखेसह उतरवून घ्याव्यात. ज्यांच्याविषयी त्या लिहिल्या आहेत त्यांपैकी कोणी हयात असेल तर घरी जाऊन त्या वाचून दाखवाव्यात. हे काम करायला ना खात्याचा हुकूम लागतो, ना हुद्दा. एक वही आणि एक रिकामी दुपार पुरते.