लेकरांचा हक्क

कायद्याच्या पुस्तकात एखादा हक्क लिहिला जातो त्याच्या पुष्कळ आधी तो कुठल्यातरी गावी, कुणीतरी पदरमोड करून चालविलेला असतो. मुलांच्या हक्कांचे असेच आहे. हा विषय निघाला की जिनीव्हा आणि न्यूयॉर्क ही नावे पुढे येतात. पण त्या हक्काची एक जुनी पाऊलवाट आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातून गेलेली आहे. दिवाळीच्या निवांत दुपारी ती जरा चालून पाहावी, एवढ्यासाठी हा प्रपंच.

लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९२१ साली एक राष्ट्रीय शाळा निघाली. तेव्हा मराठवाड्यावर निजामाचा अंमल होता. घरात, शेतात, देवळात मराठी. पण कचेरीत उर्दू, वरच्या इयत्तांतही उर्दू, आणि १९१८ मध्ये हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर सारेच शिक्षण उर्दूतून. उर्दू ही गोड भाषा आहे, तिच्याशी भांडण कशाला? पण आईच्या तोंडून जी भाषा ऐकली ती शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवून आत जायचे, ही शिक्षा पोराने कोणत्या गुन्ह्याबद्दल भोगायची? हिप्परग्याच्या शाळेने ही भाषा उंबरठ्याच्या आत घेतली. पुढे व्यंकटेश खेडगीकर नावाचे एक तरुण शिक्षक या शाळेत मुख्याध्यापक झाले. त्यांनी नंतर संन्यास घेतला. स्वामी रामानंद तीर्थ म्हणून सारा मराठवाडा ज्यांना ओळखतो, ते हेच.

शाळा निघाल्यावर तीनच वर्षांनी, १९२४ मध्ये, राष्ट्रसंघाने मुलांच्या हक्कांचा पहिला जाहीरनामा जिनीव्हा येथे मान्य केला. तो लिहिला एग्लन्टाइन जेब या इंग्रज बाईंनी. पहिल्या महायुद्धानंतर शत्रुपक्षाची मुले भुकेने मरत असताना ‘मूल शत्रू कसे असेल?’ असे विचारणाऱ्या ज्या थोड्या व्यक्ती निघाल्या, त्यांतल्या त्या एक. त्यांच्या पाच कलमांत एक कलम असे की, संकटकाळी मदतीचा पहिला हात मुलापर्यंत पोचला पाहिजे. हिप्परग्याला या कागदाची वार्ताही नसेल. पण दोन्हीकडचा विचार एकाच मुळाचा होता. मूल म्हणजे आपल्या दयेचा विषय नव्हे, त्याचे आपल्याकडे काही येणे आहे.

ते येणे द्यायचे कसे, हे मात्र दुसऱ्या टोकाच्या ठाणे जिल्ह्यात शिकायला मिळाले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा कुरणात भरविली. मूल शाळेला येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे या बायांनी करून दाखविले.

संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार संमत केला आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी तो स्वीकारला. मुलाच्या स्वतःच्या भाषेचा आदर शिक्षणाने राखावा, असे त्याचे २९ वे कलम म्हणते. मुलाविषयी निर्णय घेताना त्याचे म्हणणे ऐकावे, असे १२ वे म्हणते. घर हरवलेल्या मुलाची सोय लावताना त्याच्या वाढीचा धागा शक्यतो तुटू नये, असे २० वे.

या सहीला वर्षही झाले नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपलेले असताना, किल्लारी-सास्तूरची भूमी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. सास्तूर हेही लोहारा तालुक्यातलेच, हिप्परग्याचे शेजारी! भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यास नेले, आणि शिक्षणाची व राहण्याची सोय केली. ते काम मोठेच. पण त्या निमित्ताने उभा राहिलेला प्रश्न अजून मिटलेला नाही. ज्याचे सारे गेले त्या मुलाला चांगली शाळा द्यावी, की राहिलेली मावशी, राहिलेला चुलता आणि ओळखीची शिवार द्यावी? दोन्ही हक्कच. निवड मोठ्यांनी करायची. पण त्याआधी मुलाला विचारले काय, एवढे तरी १२ वे कलम आपल्याला विचारते.

आणि वाचकहो, हा प्रश्न भूकंपापुरता नाही. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पाचटाच्या कोपीत सहा महिने संसार, आणि धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी. दुसरे सत्र तिच्यासाठी उजाडतच नाही. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे त्याने स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरविले आहे. साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहे निघाली; एकीत शाळा मुलामागे जाते, दुसरीत मूल आजीजवळ राहते. कोसबाडची आणि सास्तूरची उत्तरेच ही, नव्या नावांनी.

कोणते उत्तर खरे, हे प्रत्येक घराचे वेगळे. आम्हां शिक्षकांचे काम मात्र ठरलेले आहे. सुट्टीनंतर हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहिण्यापूर्वी ते मूल कुठल्या कारखान्यावर गेले हे विचारावे, जवळच्या शाळेला कळवावे, आणि चैत्रात ते परत आले की त्याची जागा त्याची त्याला द्यावी. आणि घरोघरच्या आईबापांचेही एक काम आहे. लाडूत पडलेली साखर कोणाच्या कोयत्याने तोडली, आणि त्या कोयत्याची पोर आज कोणत्या इयत्तेत असायला हवी होती, हे फराळाच्या ताटावर आपल्या मुलांना सांगावे. हक्क शिकविण्याचा याहून सोपा पाठ मला ठाऊक नाही.