घोडदळाची पागा शाळकरी मुलींच्या हाती कशी आली?

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ‘ड्रेसाज’ या अश्वकौशल्याच्या सांघिक स्पर्धेत स्वीडनने सुवर्णपदक जिंकले आणि पुढच्याच वर्षी ते काढून घेण्यात आले. घोड्याला कोणी उत्तेजक दिले नव्हते, गुणांची बेरीजही चुकली नव्हती. अपराध एवढाच की संघातील एक स्वार, गेनेल पेरसन, हुद्द्याने सार्जंट होता. त्या काळच्या नियमांनुसार या स्पर्धेत कमिशनप्राप्त लष्करी अधिकारी किंवा ‘सभ्य गृहस्थ’ गणले जाणारे हौशी नागरिक यांनाच उतरता येई. स्वीडिश सैन्याने पेरसनला स्पर्धेपुरते लेफ्टनंट केले आणि स्पर्धा आटोपल्यावर काही आठवड्यांतच पुन्हा सार्जंटपदावर उतरवले. ही चलाखी उघडकीस आली आणि पदक फ्रान्सकडे गेले.

घोड्यावर बसण्याचा मान कोणाचा, या प्रश्नाला त्या काळी दिले जाणारे उत्तर या प्रकरणात लख्ख दिसते. सार्जंटला तो मान नव्हता. घोड्याला रोज खरारा करणाऱ्या मोतद्दाराचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता. आणि स्त्रिया? त्यांना ऑलिंपिकच्या या मैदानात प्रवेशच नव्हता.

आज त्याच स्वीडनमधील कोणत्याही गावच्या रायडिंग स्कूलमध्ये दुपारी शाळा सुटल्यावर जाऊन उभे राहावे. लीद उपसणारी, खूर साफ करणारी, पाण्याच्या बादल्या वाहणारी बहुतेक मंडळी दहा ते सोळा वर्षांची असतात आणि त्यांत मुलगे शोधावे लागतात. देशाच्या अश्वक्रीडा महासंघाचे सुमारे दीड लाख सभासद आहेत. त्यांतील दहांपैकी नऊ स्त्रिया. सरदार-अधिकाऱ्यांची पागा दोन पिढ्यांच्या आत शाळकरी मुलींची झाली. हे घडले कसे?

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सतराव्या शतकाच्या अखेरीस अकराव्या कार्ल राजाने स्वीडनचे सैन्य जमिनीशी बांधून टाकले. मोठ्या शेतकरी घराण्याने एक स्वार, एक घोडा आणि त्याचा सरंजाम पुरवायचा. बदल्यात त्याला करात माफी. मराठी वाचकाला बारगीर आणि शिलेदार हा भेद ठाऊक असतो : बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. स्वीडनची रीत या दोहोंच्या मधली म्हणावी लागेल. घोडा शेतकऱ्याचा, स्वारही त्यानेच ठेवलेला, पण दोघांवर हुकूम राजाचा. परिणाम असा की युद्धाचा घोडा छावणीत न राहता गावात राहिला आणि त्याला सांभाळण्याचे ज्ञानही गावातच मुरले. १९०१ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा आला आणि ही जुनी व्यवस्था मोडीत निघाली.

घोडे मात्र वाढतच होते. १९२० च्या सुमारास स्वीडनमध्ये सात लाखांवर घोडे होते. शेतात, जंगलात ओंडके ओढायला, गाड्यांना, सैन्यात. त्यांना हाताळणारा तो ‘हेस्तकार’, म्हणजे घोड्यांचा जाणकार गडी. शब्दातच पुरुष आहे. शेतघरात गाई-म्हशींची धार काढणे बायकांकडे आणि घोडा पुरुषांकडे, अशी कामांची वाटणी असे. (म्हशी तिथे नव्हत्या, आपल्या सवयीचा शब्द ओघात आला.) घोडा हे घरातले सर्वांत महाग जनावर, आणि महाग वस्तू कोणाच्या ताब्यात असते हे सांगायला नको.

मग ट्रॅक्टर आला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस वर्षांत घोड्यांची संख्या कोसळली आणि १९७० च्या दशकात ती एक लाखाच्याही खाली गेली. कित्येक घोड्यांची अखेर खाटिकखान्यात झाली. घोडदळाच्या पलटणी यंत्रसज्ज झाल्या. पुरुष घोड्यावरून उतरून ट्रॅक्टरवर, मोटारीवर, मोटारसायकलवर जाऊन बसले. पागा रिकामी पडली.

ज्या वर्षी पेरसनने ते दुर्दैवी पदक जिंकले, त्याच १९४८ साली स्वीडनमध्ये ‘रीडफ्रेम्यांडेट’ ही घोडेस्वारीच्या प्रसारासाठी झटणारी संघटना स्थापन झाली. तिच्यामागे निव्वळ क्रीडाप्रेम होते असे समजू नये. युद्ध संपले तरी सैन्याला घोड्यांची गरज पुन्हा भासेल, असे मानणारे लोक होते. घोडे आणि घोडा जाणणारी माणसे शिल्लक राहावीत ही त्यांची चिंता होती. सैन्याचे घोडे नागरिकांकडे सांभाळायला देण्याची जुनी पद्धत होतीच : घोडा सरकारचा, दाणावैरण तुमची, काम तुम्ही करून घ्या, बोलावणे आले की हजर करा. रायडिंग स्कूलना अशा घोड्यांचा उपयोग झाला. शिक्षक म्हणून आले ते घोडदळातील निवृत्त अधिकारी आणि हवालदार दर्जाची माणसे.

त्यांच्या समोर उभी राहिली ती मुले. सैन्याने हा हिशेब बहुधा मांडला नव्हता.

रायडिंग स्कूलचे गणित सोपे आणि अवघड होते. आठवड्यातून एकदा तासभर घोड्यावर बसणारे विद्यार्थी पुष्कळ. पण घोडा चोवीस तास जगतो. त्याचे पोट शरीराच्या मानाने लहान, म्हणून त्याला थोडे थोडे, वारंवार आणि ठरल्या वेळी खायला लागते. त्याला उलटी करता येत नाही, म्हणून खाण्यात चूक झाली तर साधी पोटदुखी जिवावर बेतते. ठाण रोज साफ झाले नाही तर खूर सडतात. पगारी मोतद्दार ठेवावेत इतका पैसा बहुतेक क्लबांकडे नव्हता. मुलांकडे पैसा नव्हता, पण दुपार होती. त्यातून ‘शोतारहेस्त’ ही प्रथा रुजली : एखादा घोडा एखाद्या मुलीच्या नावे सांभाळायला द्यायचा. मालकी नाही, वेतन नाही. पण त्या घोड्याची देखभाल तिची.

या कामाचे स्वरूप नीट पाहण्यासारखे आहे. घोड्याला थेट मागे आणि कपाळासमोर दिसत नाही. म्हणून आधी आवाज द्यायचा, मग खांद्याच्या बाजूने जायचे. मानेपासून मागे खरारा करायचा; हाडाळ जागी हात हलका. चारही पाय एकामागून एक उचलून आकडीने खुरातील माती-खडे काढायचे, नाल सैल झाला आहे का पाहायचे. पाचशे किलोचे जनावर आपला पाय एका दहा वर्षांच्या मुलीच्या हातात देते, ते तिच्या ताकदीमुळे नव्हे. तिने तो योग्य रीतीने मागितला म्हणून. मग ओला पेंढा वेगळा काढायचा, लीद ढकलगाडीत भरून उकिरड्यावर न्यायची, कोरडा पेंढा पसरायचा. खोगीर व लगाम पुसून आपापल्या खुंटीवर. शेवटी मधली वाट झाडायची. आपले खाणेपिणे त्यानंतर. आधी घोडा, मग स्वार, हा घोडदळाचा दंडक मुलींनाही लागू होता.

दंडकच कशाला, भाषाही तीच राहिली. गॅब्रिएला थोरेल यांनी २०१७ मध्ये गोथेनबर्ग विद्यापीठात रायडिंग शिक्षकांच्या भूमिकेवर प्रबंध सादर केला. ‘पुढे चल!’ हा लष्करी हुकूम त्याच्या शीर्षकातच आहे. रांगेत उभे राहणे, ठरल्या अंतराने चालणे, शिक्षकाच्या हुकमावर एकदम वळणे ही सारी घोडदळाची कवायत. ज्या युद्धासाठी ती रचली होती ते कधी झालेच नाही. ती टिकवली मुलींनी.

मुलीच का, याचे झटपट उत्तर असे दिले जाते की मुलींना जनावरांची माया अधिक. हे उत्तर इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. माया उपजत असती तर तीनशे वर्षे ती पागेबाहेर कशी राहिली? सुसाना हेडेनबोरी यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवले आहे की घोड्याशी निगडित कामाला कोणत्या लिंगाचे मानावे हे काळागणिक बदलत गेले आहे. घोडा अर्थव्यवस्थेचा कणा होता तोवर तो पुरुषाचा. त्याचे बाजारमूल्य घसरले आणि तो सांभाळण्याचा, जोपासण्याचा विषय झाला, तेव्हा मुलींना दार उघडले. म्हणजे त्यांना मिळाले ते पुरुषांनी सोडून दिलेले घर.

पण त्या घरात मुलींनी जे केले ते मात्र बाहुल्या सजवणे नव्हते. लेना फोर्शबेरी यांनी २००७ च्या प्रबंधात पागेतील मुलींचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की तिथे मुलींमध्ये कृतीचे बळ घडते : निर्णय घेणे, जड काम उपसणे, बुजलेल्या घोड्यासमोर स्वतःची भीती आवरणे, धाकट्यांना हुकूम देणे. मोठ्यांची सतत नजर नसलेली अशी जागा शाळकरी मुलीला गावात दुसरी क्वचितच मिळे.

नियमही बदलले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज सर्वांना खुले झाले. पेरसन आता उघडपणे सार्जंट म्हणून उतरू शकत होता. हेन्री सेंट सीर, बोल्टेनस्टेर्न आणि पेरसन या त्याच तिघांनी सुवर्णपदक पुन्हा जिंकले. वैयक्तिक स्पर्धेत सेंट सीर पहिला आला आणि रौप्यपदक मिळाले डेन्मार्कच्या लिस हार्टेल हिला. १९४४ मध्ये झालेल्या पोलिओने तिचे पाय गुडघ्यांखाली लुळे पडले होते. घोड्यावर चढायला-उतरायला तिला मदत लागे. घोड्यावर बसल्यावर मात्र ती लागत नसे.

शरीराने लहान असलेल्या स्वारांना घोडाही लहान हवा. १९५० आणि ६० च्या दशकांत ब्रिटिश बेटांवरून वेल्श, शेटलंड, न्यू फॉरेस्ट जातींची पोनी स्वीडनमध्ये येऊ लागली. या लहान घोड्यांचा मुलांशी जुना ऋणानुबंध आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने दोनेक आठवड्यांत लाखाहून अधिक घोडे घराघरांतून ताब्यात घेतले. तेव्हा लँकेशायरमधील तीन भावंडांनी थेट युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांना पत्र लिहून आपले बेटी नावाचे पोनी तेवढे सोडावे अशी विनवणी केली. उत्तर आले : पंधरा ‘हातां’खालचा घोडा नेला जाणार नाही. (हा इंग्रजी हात म्हणजे पंजाची रुंदी, चार इंच, आपला कोपरापासूनचा हात नव्हे.) त्याच ब्रिटनमध्ये १९२९ साली ‘पोनी क्लब’ निघाला आणि मुलांना स्वारीबरोबर देखभालही शिकवू लागला.

या कथेची दुसरी बाजू वगळता येणार नाही. मुली राबल्या म्हणून क्लबांचा खर्च भागला, हे खरेच आहे. फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला मैदानावरचे गवत कापायला कोणी सांगत नसे. मैदान नगरपालिका राखत असे. स्वारी शिकणाऱ्या मुलीने मात्र आपले मैदान, आपला घोडा आणि त्याची लीद सारे स्वतः सांभाळायचे, आणि त्याला हौस म्हणायचे. धोकाही होता, लाथ बसली की हाड मोडते. पागेत मोठ्या मुलींची उतरंड असे आणि धाकटीला ती जाचकही वाटे. तरी मुली दुसऱ्या दिवशी परत येत. फुकट श्रम आणि स्वतःची जागा, या दोन गोष्टी तिथे एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की एक उपटली तर दुसरीही हाती येईल, आणि म्हणूनच हा वाद अजून मिटलेला नाही.

१८६८ पासून स्ट्रोम्सहोल्म येथे स्वीडिश सैन्याची अश्वशाळा होती. राजवाड्याशेजारच्या तिच्या तबेल्यांत अधिकाऱ्यांच्या पिढ्या घडल्या. बरोबर शंभर वर्षांनी, १९६८ मध्ये, सैन्याने ती बंद केली आणि रीडफ्रेम्यांडेटने ताब्यात घेतली. आज तिथे रायडिंग शिक्षक आणि घोडे सांभाळणारे तयार होतात, आणि त्यांत बहुसंख्य तरुणी असतात. देशातील घोड्यांची संख्या पुन्हा साडेतीन लाखांच्या घरात पोहोचली आहे. सैन्याकडे उरलेले घोडे स्टॉकहोमच्या राजवाड्यावरील पहारा बदलताना मिरवणुकीत दिसतात.