शेजाऱ्याची साक्ष

इ.स. 383च्या आसपासचा वसंत. जेरुसलेममध्ये, येशूला क्रुसावर दिलं त्या गुलगुथाजवळ कॉन्स्टंटाइन बादशहानं उभारलेल्या मोठ्या चर्चमध्ये तुम्ही बाप्तिस्म्यासाठी नाव द्यायला आला आहात. समोर खुर्चीवर म्हातारे बिशप सिरिल. देव, स्वर्ग, आत्मा यांबद्दल ते तुम्हाला काहीच विचारत नाहीत. विचारतात तुमच्या शेजाऱ्याला : हा आईबापांना मान देतो का? दारूच्या नादी आहे का? खोटं बोलतो का? शेजारी उत्तराला जरा वेळ लावतो आणि तुमच्या पोटात गोळा येतो. अखेर तो ‘माणूस चांगला आहे’ म्हणतो. बिशप स्वतःच्या हातानं तुमचं नाव लिहितात.

मग उपवासकाळ, आठ आठवड्यांचा. भाकरी नाही, तेल नाही, झाडाचं फळ नाही. पाण्यात शिजवलेली पिठाची पेज तेवढी. काही जण रविवारी जेवतात ते थेट पुढच्या शनिवारीच. तुम्हाला तेवढं झेपत नाही, तुम्ही रोज एकदा पेज पिता. दुरून पश्चिमेकडून आलेली एगेरिया नावाची यात्रेकरू हे सगळं टिपून ठेवते आहे. जास्त करणाऱ्याचं इथे कौतुक नाही आणि कमी करणाऱ्याला बोल नाही, हेही तिनं लिहिलं आहे. आपले निर्जळी उपवास चारचौघांत मोजून दाखवणाऱ्यांना हे पचायचं नाही.

रोज सकाळी तीन तास शिकवणी. शरीर म्हणजे पापाचं मूळ, असं ऐकायला मिळेल या तयारीनं तुम्ही बसता, आणि सिरिल नेमकं उलट सांगतात. ऐकू यावं म्हणून कान कसा तिरका बसवला आहे बघा, न थांबता चालणारं काळीज बघा. हे देवाचं काम आहे. आणि पाप शरीरच करत असेल, तर नुकत्याच मेलेल्या माणसाच्या हातात तलवार द्या, तो खून करील का? बिनतोड सवाल आहे. कपड्यांवर मात्र ते कडक आहेत. कपडा थंडीसाठी आणि लाज झाकण्यासाठी. झाकायच्या निमित्तानं भपका केलात, तर तीही बेअदबीच. तुमच्या पलीकडचा माणूस अंगरख्याची रेशमी किनार हळूच मुठीत घेतो.

ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मागृहाच्या बाहेरच्या दालनात तुम्ही पश्चिमेला तोंड करून, हात पुढे करून सैतानाला नाकारता आणि पूर्वेकडे वळता. आतल्या दालनात अंगरखा उतरवायचा. अंगावर सूतही नाही. डोक्याच्या केसांपासून पायांपर्यंत तेल चोळलं जातं. उपवासात जिभेला न लागलेलं तेल आता बेंबीपर्यंत ओघळतं आहे. लाज वाटायला हवी होती, वाटत नाही. कुंडात तीन डुबक्या. कपाळ, कान, नाकपुड्या आणि छातीवर सुगंधी तेलाची खूण. मग पांढरी वस्त्रं. आजही बाप्तिस्म्याला बाळाला पांढरं झबलं घालतात, ते याच परंपरेतलं.

या सगळ्याचा अर्थ आधी कुणी सांगितलेला नसतो. आधी अंगानं अनुभवायचं, समजून नंतर घ्यायचं, अशी इथली रीत. ईस्टरनंतरच्या आठवड्यात, दारं लावून घेतल्यावर, सिरिल एकेक गोष्ट उलगडतात : ते तेल कशासाठी, त्या तीन डुबक्या कशासाठी. नव्यानं बाप्तिस्मा झालेले तुम्ही सगळे इतक्या जोरात वाहवा करता, की आवाज चर्चच्या बाहेरपर्यंत जातो.