जोडीदार गेली, कागदावर मात्र फक्त 'मैत्रीण': क्वीअर स्त्रीला कायदा काय देतो?

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. ८० हून अधिक माणसं गेली. काहींचे मृतदेह सापडलेच नाहीत. शोधमोहीम थांबवून बेपत्तांना मृत घोषित करावं लागलं. मृतांच्या वारसांना राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली.

अशा मदतीत 'वारस' हा शब्द कळीचा असतो. एका स्त्रीचं दुसऱ्या स्त्रीवर प्रेम असेल आणि त्यातली एक गेली, तर मागे राहिलेली कोण ठरते? घरात कुणी मानसिक आजारी असेल तर काय? समजून घेऊया.

हे दुःख वेगळं का?

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाबद्दल लिहिलं, ज्याला समाज मान्यताच देत नाही. लोक भेटायला येतात ते आई-वडिलांना. जोडीदाराला सुतकही नाही आणि रजाही नाही. नातंच लपवलेलं असेल, तर रडायचं कारणही सांगता येत नाही.

लग्नाचा हक्क आहे का?

नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ मधून संमतीचे समलैंगिक संबंध वगळले, म्हणजे प्रेम गुन्हा राहिलं नाही. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. त्यामुळे हिंदू वारसा कायद्यात अशी जोडीदार वारस ठरत नाही.

मग काय मिळतं?

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की, एलजीबीटीक्यू व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे तिच्या हाती आले, तरी वारस त्यावर दावा करू शकतात. त्यासाठी मृत्युपत्र हवं. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही.

मानसिक आजारात निर्णय कोण घेतं?

इथे कायदा जास्त उदार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १४ नुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' निवडू शकते. तो रक्ताचा किंवा लग्नाचा नातेवाईक असण्याची अट नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. असं काही लिहून ठेवलं नसेल, तर आधी नातेवाईक आणि नंतर सांभाळ करणारी व्यक्ती, असा क्रम लागतो. म्हणजे दहा वर्षं सोबत राहिलेली जोडीदारही मागे पडू शकते.

हाच कायदा लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायला मनाई करतो. क्वीअर असणं हा आजार नाही. त्यामुळे आईच्या आजाराचा दोष मुलीच्या प्रेमावर टाकण्याला आधार नाही, आणि मुलीच्या प्रेमाला 'आईकडून आलेला आजार' म्हणण्यालाही नाही.

आज काय करता येईल?

• दोघींनी एकमेकींना प्रतिनिधी नेमणारा कागद लिहा आणि त्याची प्रत जवळ ठेवा.
• बँक आणि विम्यातलं नॉमिनीचं नाव तपासा.
• मृत्युपत्र करा.
• आजारी माणसाला सांभाळताना किंवा दुःखात स्वतःला त्रास होत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. हा क्रमांक २४ तास सुरू असतो.

दरड कोसळण्याआधी गावाला वेळ मिळतोच असं नाही. हे कागद मात्र आजच करून ठेवता येतात.