अर्लिंग्टनमधला कॅनडाचा क्रॉस आणि शपथेचा प्रश्न



पाहुणे आले की आपण त्यांना वॉशिंग्टन डीसी दाखवायला नेतो, आणि अर्लिंग्टनचं लष्करी स्मशान हे ठरलेलं ठिकाण. पुढच्या वेळी मुलांना घेऊन गेलात तर मेमोरियल अँफिथिएटरजवळ एक उंच ग्रॅनाइटचा क्रॉस शोधा. त्यावर ब्राँझची तलवार आहे. हा क्रॉस अमेरिकेने उभारलेला नाही, कॅनडाने दिलेला आहे. 1927 साली, युद्धविराम दिनी, त्याचं अनावरण झालं. कॅनडाच्या सैन्यात लढून पहिल्या महायुद्धात मेलेल्या अमेरिकन नागरिकांचं ते स्मारक आहे.

अमेरिकन माणूस कॅनडाच्या सैन्यात कसा, असं मुलं विचारतीलच. तारखा सांगा, म्हणजे कळेल. ब्रिटनबरोबर कॅनडा ऑगस्ट 1914 मध्येच युद्धात उतरला होता, अमेरिका एप्रिल 1917 मध्ये. मधल्या काळात हजारो अमेरिकन तरुण सीमा ओलांडून भरती झाले. टोरांटोत तर 97वी बटालियन खास अमेरिकनांसाठी उभी राहिली, नावच 'अमेरिकन लीजन'. 1916 मध्ये ती ब्रिटनला पोचली आणि तिथे तिचे सैनिक इतर तुकड्यांत वाटले गेले.

पण यात एक मोठी अडचण होती, आणि ती आपल्याला लगेच कळेल. अमेरिकेच्या 1907 च्या कायद्यानुसार परक्या राज्याशी निष्ठेची शपथ घेतली की नागरिकत्व जायचं. इलिनॉयचे डॉक्टर बेलेंडन हचेसन यांनी ते नागरिकत्व सोडलं आणि कॅनडाच्या वैद्यकीय दलात गेले. 2 सप्टेंबर 1918 ला फ्रान्समध्ये तोफांच्या माऱ्यात ते जखमींवर उपचार करत राहिले. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्धानंतर ते इलिनॉयला परतले आणि पुन्हा अमेरिकन नागरिक झाले.

दुसऱ्या महायुद्धात तोच प्रश्न परत आला. कॅनडाने 10 सप्टेंबर 1939 ला युद्ध जाहीर केलं, अमेरिका डिसेंबर 1941 पर्यंत बाहेर होती. या वेळी कॅनडाने शहाणपणा केला. राजाशी निष्ठेची शपथ न घेता, सैन्यात असेपर्यंत हुकूम पाळण्याची शपथ पुरेशी, असं 1940 मध्ये ठरलं. मग कुणाचं नागरिकत्व जायची भीती राहिली नाही. कॅनडाच्या हवाई दलात सुमारे 9 हजार अमेरिकन भरती झाले.

त्यातला एक जो मॅकार्थी, ब्रुकलिनमध्ये वाढलेला. 1941 मध्ये मित्राबरोबर बसने ऑटावाला गेला आणि भरती झाला. मे 1943 मध्ये जर्मनीतल्या धरणांवरच्या प्रसिद्ध हल्ल्यात सॉर्पे धरणावर त्याने नऊ वेळा झेप घेऊन बॉम्ब न टाकताच विमान वळवलं. दहाव्या वेळी टाकला. त्याच्या खांद्यावर 'कॅनडा' आणि 'यूएसए' असं दोन्ही लिहिलेलं असायचं. अमेरिका युद्धात आल्यावर अनेक जण आपल्या देशाच्या सैन्यात परतले. मॅकार्थी राहिला. पुढे त्याने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं आणि 1968 पर्यंत तिथल्याच हवाई दलात नोकरी केली.

मंडळी, आपल्यापैकी अनेकांनी कोर्टात उजवा हात वर करून शपथ घेतली आहे आणि निळा पासपोर्ट परत करताना घशात काहीतरी अडकलं आहे. कुणी अजून ग्रीनकार्डवरच थांबलंय. घरी कुणाला 'देश विकला' असं ऐकावंही लागलंय. मुलं विचारतात, 'आई, तू नक्की कुठली?' आणि आपण चहा गाळायला उठतो.

हचेसनने कागद सोडला आणि परत घेतला. मॅकार्थीने दोन्ही नावं एकाच खांद्यावर लावली आणि शेवटी दुसरीकडचा झाला. दोघांनाही कुणी बेइमान म्हटलं नाही. तेव्हा पुढच्या वेळी त्या क्रॉससमोर मुलांना ही गोष्ट सांगा. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, तर चहा थोडा उकळू द्या, पण उत्तर द्या.

तुम्ही मुलांना काय सांगता? खाली जरूर लिहा.